रूळ गेल्यावर उरलेली वाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गाचे पुढे काय होते, यावर बोलेन." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अहो, आपल्याकडे गाडी येऊन जेमतेम पंचवीस-तीस वर्षे होताहेत, आणि तुम्ही बंद पडलेल्या गाडीवर बोलणार?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून दक्षिणेपर्यंत अखंड सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ ला. मध्ये तब्बल १४४ वर्षे गेली. तेवढ्या काळात आमच्या आज्या-पणज्यांनी मुंबई गाठली ती बोटीने, आणि नंतर एस.टी.ने, घाटाघाटाला ओकाऱ्या काढीत. ज्या गावाने गाडीची इतकी वाट पाहिली, त्याला गाडी गेल्यानंतरची गोष्ट सांगणे म्हणजे बारशाला जाऊन बाराव्याचे बोलण्यासारखे आहे. तरीही मी हा विषय धरला, याचे कारण आगगाडीत नाही, आपल्या पाखाडीत आहे.

माझ्या गावात एक पाखाडी होती. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगे, खाली ओढ्यापर्यंत उतरणारी. ती कोणी बांधली हे कोणाला ठाऊक नाही. दोन आगरांच्या मधून जाई, पण आगरमालकांनी कधी कोणाला अडवले नाही. शाळेची पोरे, पाण्याला जाणाऱ्या बाया, शेवटच्या प्रवासाला निघालेला माणूससुद्धा त्याच वाटेने जाई. पुढे गावात नळ आला, शाळा रस्त्याकडे गेली, पाखाडीवरची वर्दळ कमी झाली. पायऱ्यांवर शेवाळ धरले. मग एक आगर विकले गेले, नव्या मालकाने चिरेबंदी कुंपण घातले, आणि पाखाडी त्या कुंपणात गेली. आम्ही ओरड केली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "शेवटचे कोण चालले होते इथून, आणि कधी?"

मी फारसा शिकलेला माणूस नाही. नववीत शाळा सुटली. पण कामगारांची कामे करता करता कायद्याची पुस्तके चाळायची सवय लागली, आणि नगर वाचनालयाच्या टेबलाने बाकीचे शिकवले. वाटेच्या तंट्यात दोन कायदे उपयोगी पडतात. एक १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आणि दुसरा १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा. पहिला सांगतो की दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, हक्काने, अखंड वहिवाट केली तर तो हक्क कायम होतो. पण तोच कायदा पुढे असेही सांगतो की वीस वर्षे वहिवाट पुरती थांबली तर तो हक्क मावळतो. दुसरा कायदा सांगतो की वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे या. आम्ही गेलो ते उशिरा गेलो. ती पाखाडी आज नाही.

तेव्हापासून कुठेही माणसांची एखादी लांब, जुनी, सलग वाट सोडून दिल्याचे ऐकले की माझे कान टवकारतात. आणि आगगाडीच्या मार्गाइतकी लांब आणि सलग वाट माणसाने दुसरी बांधलेली नाही.

आपल्या महाराष्ट्रात अशी सोडून दिलेली सर्वांत नामांकित वाट बोरघाटात आहे. तिची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण ती शाळेच्या पुस्तकात येते त्याहून वेगळी आहे.

१८५६ साली कल्याणहून निघालेले रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचले, आणि १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावू लागली. मधला घाट तेवढा राहिला. उतारू खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. या मधल्या तुकड्याची लांबी होती सुमारे पंधरा मैल आणि चढण अठराशे फुटांच्या वर. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानपूल बांधावे लागले. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी आखणी केली, पण घाट पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८६२ साली ते इंग्लंडात वारले.

या आखणीत एक मोठी गंमत होती. घाटात एके ठिकाणी डोंगराची सोंड अशी पुढे आली होती की गाडीला वळायला जागाच नव्हती. तेव्हा तिथे उलटे स्थानक बांधले. गाडी सरळ त्या स्थानकात घुसायची, इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायचे आणि जिथून आलो त्याच दिशेला, पण दुसऱ्या रुळावरून, गाडी वर चढायची. इंग्रजी व्ही अक्षर गिरवावे तशी. अडचणीत सापडलेल्या माणसाने दोन पावले मागे जाऊन वाट काढावी, तशी ही युक्ती होती, आणि ती पासष्ट-सहासष्ट वर्षे चालली.

पण घाट कागदावरच्या आखणीने फुटत नाही. कडे तासण्यासाठी माणसांना दोरांनी खाली सोडीत. दोराला लोंबकळत ते पहारीने भोके पाडीत आणि सुरुंग ठासत. माती आणि दगड बायकापोरे डोक्यावरून वाहत. १८६१ साली काम ऐन भरात असताना घाटात बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे राबत होती. पावसाळ्यात काम थंडावे, उन्हाळ्यात पाणी आटे, आणि दाटीवाटीच्या झोपड्यांतून पटकी फिरे. किती मेले याची खातेवही कोणी ठेवली नाही. अभ्यासकांचे अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातात. अंदाजच म्हणायचे, कारण मजूर मेला की हजेरीपटावरचे नाव खोडले जाई, एवढीच त्याची नोंद.

हे काम आधी विल्यम फेव्हिएल नावाच्या ठेकेदाराकडे होते. १८५९ च्या जानेवारीत घाटात मोठा दंगा झाला. इंग्रजी कागदांत त्याला दंगा म्हटले आहे. मी माझ्या धंद्याचा माणूस असल्यामुळे मला पहिला प्रश्न सुचतो तो हा, की पगार थकला होता का? थकला होता. मजुरीचे पैसे वेळेवर आणि पुरते मिळत नव्हते, हीच त्या दंग्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. फेव्हिएलने त्याच वर्षी काम सोडले. पुढल्या वर्षी, १८६० साली, सरकारने मालक आणि मजूर यांच्या तंट्यांचा कायदा केला. रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरच्या मजुरीची भांडणे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावीत, अशी त्यात तरतूद होती. कामगाराला दाद मागायची जागा मिळाली, हे खरे. पण करार मोडून काम टाकणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची सोयही त्यातच होती. तो कायदा पुढे सत्तरएक वर्षे टिकला. आम्ही युनियनवाले आमचा इतिहास गिरणीपासून मोजतो. तो या घाटापासून मोजायला हरकत नाही, असे मला वाटते.

फेव्हिएलनंतर ठेका आला सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे. ते हिंदुस्थानात उतरले आणि काही आठवड्यांतच, १८५९ च्या अखेरीस, वारले. तेव्हा त्यांची विधवा पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडला नाही. हाताखालच्या इंजिनिअरांवर कामाची देखरेख सोपवून त्यांनी तो पुरा केला. १८६३ च्या एप्रिलात घाट वाहतुकीला खुला झाला. १८६७ च्या पावसाळ्यात त्यातला एक मोठा कमानपूल कोसळला, आणि घाईने उरकलेल्या दगडकामाची त्यानंतर बरीच चर्चा झाली. मेलेल्या मजुरांची चर्चा तेवढी झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढे गाड्या लांब झाल्या, इंजिने जड झाली, आणि उलट्या स्थानकातली ती मागेपुढे करण्याची कसरत परवडेना. १९२९ साली घाटात विजेची गाडी आली, तेव्हाच नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि उलटे स्थानक सोडून दिले. पुढल्याच वर्षी दख्खनची राणी धावू लागली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे, मागे राहिलेल्या तुकड्याकडे कोण पाहणार? रूळ काढून नेले. भराव, कापलेले कडे, दगडी बांधकाम मागे राहिले. आज डोंगर हिंडणारी तरुण मंडळी ते अवशेष शोधत जातात. हजारो माणसांच्या हाडांवर उभी राहिलेली ही वाट शाळेच्या मुलांनी, म्हाताऱ्या माणसांनी चालत जाऊन पाहावी, जागोजागी पाट्या असाव्यात, दंग्याची आणि पटकीची हकीकत तिथेच वाचायला मिळावी, असे नव्वद-पंचाण्णव वर्षांत घडलेले नाही.

ते घडू शकते का? परदेशांत घडले आहे, म्हणून तिकडची थोडी हकीकत सांगतो.

अमेरिकेत १९१६ च्या सुमारास अडीच लाख मैलांहून जास्त लोहमार्ग होता. मोटारी आल्या, ट्रक आले, आणि मार्गामागून मार्ग बंद पडू लागले. शिकागोजवळ एक विजेवर चालणारी गाडी होती, चाकरमान्यांची. ३ जुलै १९५७ ला भर दुपारी कंपनीने तिची उतारू-वाहतूक बंद केली. सकाळी त्याच गाडीने कामावर गेलेली माणसे संध्याकाळी परत निघाली तर गाडीच नाही! (टाळेबंदीची नोटीस फाटकावर लावून पळणारे मालक मी पाहिले आहेत. हा प्रकार मला अगदी ओळखीचा वाटला.) पुढे तो पट्टा ओस पडला, तण माजले, आणि जमिनीवर डोळा ठेवणारे भोवती घिरट्या घालू लागले. तेव्हा मे वॉट्स नावाच्या सत्तरीच्या बाईंनी, ज्या वनस्पतींच्या अभ्यासक होत्या, १९६३ साली तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले, की ही सलग जमीन तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होण्याआधी तिची लोकांसाठी चालण्याची वाट करा. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि ती वाट झाली. त्याच सुमारास विस्कॉन्सिन राज्याने एल्रॉय ते स्पार्टा हा सोडून दिलेला बत्तीस मैलांचा मार्ग विकत घेतला आणि सायकलींसाठी खुला केला. त्यात तीन बोगदे आहेत. आत दिवे नाहीत, वरून पाणी ठिबकते, म्हणून सायकलीवरून उतरून, विजेरी लावून चालत जायचे.

आगगाडीचा मार्ग पायवाटेला इतका सोयीचा का, हे पाहण्यासारखे आहे. इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून मार्ग बांधणाऱ्याने डोंगर कापून आणि दऱ्या भरून जमीन जवळजवळ सपाट केलेली असते. बोरघाटातला चढ रेल्वेच्या हिशेबाने भयंकर. माणसाच्या पायाला मात्र तो जाणवतही नाही. पाणी वाहून जाण्याच्या मोऱ्या बांधलेल्या, ओढ्यांवर पूल आयते. रूळ आणि स्लीपर उचलावेत, मोठी खडी काढून वर बारीक खडी दाबून रोलर फिरवावा, पुलांना कठडे लावावेत, की वाट तयार. म्हाताऱ्याला काठी टेकत जाता येते, पोराला सायकल शिकता येते, अपंगाची चाकाची खुर्ची जाते. फक्त जुन्या लाकडी स्लीपरांना लावलेल्या डांबरी तेलाने जमीन बाटलेली असते, ती आधी साफ करावी लागते. हे काम करणाऱ्या मजुरांना हातमोजे द्यावेत, हे माझे जादा कलम.

पण अमेरिकेच्या अनुभवातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पायवाट नव्हे, कायदा आहे. १९८३ साली तिथे कायद्यात दुरुस्ती झाली, की बंद पडणारा मार्ग मोडून न टाकता ठेवीसारखा ठेवता येईल. गाडी नाही म्हणून तूर्त लोकांनी त्यावर चालावे. उद्या गाडीची गरज पडली तर रूळ पुन्हा टाकता येतील. पट्टा मात्र अखंड राहिला पाहिजे. तिथेही शेतकऱ्यांनी भांडण मांडले. आमच्या पूर्वजांनी जमीन दिली ती फक्त गाडी जाण्यापुरती, गाडी गेली तर जमीन आमची, असे त्यांचे म्हणणे. व्हरमाँटमधल्या एका कुटुंबाचा दावा १९९० साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. कायदा टिकला, पण अशा मालकांना भरपाईचा दावा सरकारवर करता येईल, असेही न्यायालयाने सांगितले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात मला गैर काही दिसत नाही. सार्वजनिक कामासाठी एखाद्याच्या जमिनीतून वाट न्यायची तर तिचा मोबदला सार्वजनिक तिजोरीतून जावा. आज त्या देशात सुमारे चाळीस हजार किलोमीटर अशा वाटा आहेत.

इंग्लंडने उलट केले. १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके आणि पाच हजार मैल मार्ग बंद करण्याची शिफारस केली. मार्ग बंद झाले आणि जमिनी जमेल तशा विकल्या गेल्या. कुठे घरे झाली, कुठे रस्ता. काही ठिकाणी लोकांनी स्वतः फावडी घेऊन वाटा केल्या. ब्रिस्टल ते बाथ ही तेरा मैलांची सायकलवाट १९७९ ते १९८६ मध्ये बरीचशी स्वयंसेवकांच्या श्रमाने झाली. पण जिथे पट्टा तुटला तिथे काय झाले ते स्कॉटलंडमध्ये दिसले. एडिंबरोहून दक्षिणेला जाणारा मार्ग १९६९ साली बंद केला. लोक चाळीस-पंचेचाळीस वर्षे भांडले. शेवटी २०१५ साली त्यातला तीस मैलांचा तुकडा पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात जुन्या मार्गावर ठिकठिकाणी बांधकामे झालेली, त्यामुळे वळसे घालावे लागले, नवे पूल बांधावे लागले आणि तीस कोटी पौंडांच्या आसपास खर्च आला.

परदेशाचे कौतुक इथेच थांबवतो, कारण त्यालाही दुसरी बाजू आहे. न्यूयॉर्कात मालगाड्यांचा एक उंचावरचा मार्ग होता. २००९ पासून त्याची बाग झाली. बाग सुंदर, जगभरचे लोक येतात. पण तिच्या दोन्ही बाजूंची भाडी अशी चढली की तिथे पूर्वी राहणारा साधा माणूस टिकेना. गरिबाच्या दारातली घाण काढायची आणि त्याबरोबर गरीबही काढायचा, हा प्रकार काही अमेरिकेचाच नाही.

आमच्या घरात तो घडला. माझे वडील गिरणीत होते. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरचे कोणी ना कोणी गिरणगावात असणार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. अडीच लाख कामगारांचा संप. तो मोडला, गिरण्या एकेक बंद पडल्या, आणि मागे राहिली सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमाने ठरले होते की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. ऐकायला किती छान! २००१ साली नियमातले शब्द बदलले. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मोकळ्या जागेचा घास केवढा राहिला, ते परळच्या पुलावर उभे राहून पाहावे. धंदा बंद पडला की त्याच्याखालची जमीन कोणाची, हा प्रश्न आमच्या पिढीने असा सोडवलेला पाहिला आहे. म्हणून रूळ उखडल्याची बातमी मी नुसती गंमत म्हणून वाचू शकत नाही. २००५ सालच्या दुरुस्तीने रेल्वेच्या रिकाम्या जमिनीचा व्यापारी उपयोग करण्यासाठी वेगळे प्राधिकरणही झाले आहे. ते बेकायदा काही करते असे मी म्हणत नाही. पण जमिनीच्या लांब चिंचोळ्या पट्ट्याकडे पाहताना एकाला वाट दिसते आणि दुसऱ्याला गाळे दिसतात, एवढे मला ठाऊक आहे.

आता आपल्याकडच्या खऱ्या पेचाकडे येतो. हा पेच विदर्भात आहे, त्याचे नाव शकुंतला.

वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी अडीच फुटी रुंदीचे छोटे मार्ग टाकले. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळला, ११३ किलोमीटर. १९५१ साली देशातल्या रेल्वेचे एकत्रीकरण झाले तरी हा मार्ग त्या कंपनीच्याच मालकीचा राहिला, आणि आपली रेल्वे तिला त्याचा मोबदला देत गाडी चालवीत राहिली. १९२१ साली मँचेस्टरात बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होते. लोकांनी तिला लाडाने शकुंतला म्हटले. सावकाश जायची, पण तिकीट एस.टी.च्या मानाने अगदी थोडे. बाजारात भाजी नेणारी बाई, मजुरीला निघालेला माणूस, कॉलेजचा पोरगा यांची ती गाडी. रूळ झिजले, दुरुस्ती होईना, आणि गेल्या दशकात दोन्ही अंगांच्या फेऱ्या एकामागून एक थांबल्या. २०१६ साली, आपल्या कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली. लोक तेव्हापासून वाट पाहत आहेत. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले. बऱ्याच ठिकाणी रुळांवर गवत आणि बाभळी माजल्या आहेत.

आता मी तिथे जाऊन, "बंधूंनो, अमेरिकेत पाहा किती सुरेख सायकलवाट केली आहे," असे म्हणालो तर लोक मला दगड मारतील, आणि ते बरोबर करतील. त्यांना फिरायला वाट नको आहे, त्यांना गाडी हवी आहे. जिथे लोक गाडी मागत आहेत तिथे वाट बांधणे म्हणजे भुकेल्याच्या पानात विडा वाढणे. पायवाट हे गाडी बंद करण्याचे निमित्त होता कामा नये. आमच्यातले काही विद्वान या मुद्द्यावर घसरतात. त्यांना निसर्ग दिसतो, पण सकाळच्या गाडीने कामावर जाणारा माणूस दिसत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. मागणी मान्य होईपर्यंत तो पट्टा कोण राखणार? गाडी येत नाही तोवर शेताचे बांध हळूहळू सरकतात, गावाजवळ टपऱ्या उभ्या राहतात, कोणी रूळ कापून भंगारात विकतो. आणि एके दिवशी अधिकारी येऊन सांगतो, "मार्ग करायला जागाच कुठे आहे?" म्हणून माझे म्हणणे असे, की अशा ठिकाणी पट्ट्याची हद्द आखून दगड रोवावेत, रुळांच्या कडेने, रुळांना हात न लावता, चालायची आणि सायकलीची वाट करावी, ती ग्रामपंचायतींनी सांभाळावी आणि लेखी ठरावात लिहावे की गाडी आली की वाट बाजूला होईल. चालणारा माणूस हाच त्या जमिनीचा राखणदार. आमची पाखाडी चालती असती तर तिच्यावर चिरेबंदी उभी राहिली नसती.

हे नुसते बोलणे नाही, याला महाराष्ट्रातच दाखला आहे. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली अशीच अडीच फुटी गाडी सुरू झाली होती, बार्शी लाइट रेल्वे. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिने वाहिल्या असतील. १९५४ साली ती सरकारने घेतली आणि या शतकाच्या आरंभी तिचे रूळ काढून, बऱ्याच भागात जुन्याच मार्गाचा आधार घेऊन, मोठी गाडी टाकली. जागा हातात होती म्हणून ते जमले.

आणि रत्नागिरीचे काय, असे तुम्ही विचाराल. आपल्याकडे सोडलेला मार्ग नाही, ईश्वर करो आणि न होवो. पण दोन गोष्टी इथल्याच आहेत. पहिली अशी, की आपली माणसे आजही गाडीच्या रुळावरून चालतात. एका वाडीहून दुसरीकडे जायला तोच सपाट आणि जवळचा रस्ता. १९८९ च्या रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे वळणावर गाडी येते. माणूस रुळावर चालतो तो हौसेने नाही, त्याची पाखाडी मार्गाच्या भरावाखाली गेली म्हणून. मार्गाच्या कडेने, कुंपणाबाहेर, वाडी ते स्थानक अशी पायवाट बांधून देण्याची मागणी आपण करायला हवी.

दुसरी गोष्ट महामार्गाची. कशेडीला बोगदा झाला, गाड्या पोटातून जाऊ लागल्या आणि वरचा जुना घाटरस्ता ओस पडू लागला. तिथली वळणे, दगडी कठडे, संरक्षक भिंती पिढ्यान् पिढ्यांच्या मजुरांनी उभ्या केल्या आहेत. आजच कोणी त्याची मागणी केली तर तो सायकलींचा आणि चालणाऱ्यांचा रस्ता होईल. पाच वर्षांनी मागणी केली तर दरड कोसळून किंवा कुंपण पडून तो अर्धा गेलेला असेल.

रत्नागिरी स्थानकाशी कोकण रेल्वे बांधताना मेलेल्या कामगारांचे स्मारक आहे. चौऱ्याहत्तर माणसे गेली. बोगद्यात माती कोसळून, दरडीखाली सापडून. बोरघाटाच्या हजारोंशी तुलना केली तर आकडा लहान, आणि त्याचे श्रेय काही अंशी मधल्या शंभर वर्षांत कामगारांनी भांडून मिळवलेल्या कायद्यांना आहे. गाडी पकडायच्या घाईत आपण त्या स्मारकापुढून नुसते निघून जातो. बोरघाटातल्या मजुरांना तर तेवढाही दगड नाही. तिथल्या जुन्या मार्गावर सार्वजनिक वाट व्हावी आणि तिच्या तोंडाशी १८५९ च्या पगाराच्या भांडणाची हकीकत मराठीत कोरावी, असे एक पत्र मी रेल्वेच्या वरिष्ठांना लिहिले आहे. त्याची प्रत चालकांकडे ठेवली आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी जाताना दाराजवळच्या टेबलापाशी थांबावे.